शेवटचं रीळ

गावात थिएटरं दोन, पिक्चरची प्रत एकच.
वर टेकाडावर इंजिनिअरांचं ‘आंदेस’,
खाली तांब्याच्या भट्टीपाशी आमचं ‘प्रोग्रेसो’.
वर एक रीळ संपलं की ते पत्र्याच्या डब्यात घालून
मी सायकलवरून खाली सुटायचो.
चौदा वर्षांचा होतो. आताकामाच्या वाळवंटात
रात्री अशी थंडी, की ब्रेक दाबणारी बोटं माझी वाटत नसत.

त्यामुळे खालच्या लोकांच्या आधी
मला कळायचं, माशी कुठे शिंकणार ते.
अवकाशातल्या पिक्चरांत तर हमखास.

जुलैत एक आला.
पहिलं रीळ: रिकामी वेधशाळा.
कपातली कॉफी थरथरते. बाई खिडकीशी जाते.
एक तारा कालच्यापेक्षा बोटभर सरकलेला.
बस्स. कुणी किंचाळत नाही.
आमच्या बाकांवर दाणे चावायचे थांबले.
दुसऱ्यात तारा रोज सरकतो, बाई वहीत आकडे मांडत जाते.
चौथ्यात ती आईला फोन करते
आणि हवापाण्याचं बोलून ठेवून देते.

आणि पाचवं?
पाचव्यात जनरल. नकाशा. लाल बटण.
ताऱ्याच्या पोटातून निघालेला रबरी राक्षस, काखेत शिवण दिसणारा.
आणि जिने चार रिळं एकटीने हिशेब केला ती बाई
कर्नलच्या गळ्यात पडून विचारते, आता काय होणार?

डोंगर पोखरून उंदीर.
आमच्या गावाला हे समजावून सांगावं लागत नसे.
आम्ही जन्मभर तेच करत होतो,
फक्त उंदीरसुद्धा कंपनीचा.

‘प्रोग्रेसो’चा ऑपरेटर एलेउतेरियो चोके म्हणायचा,
“सुरुवात एक जण लिहितो,
शेवट त्याचा मेव्हणा.”

त्या रात्री पाचवं रीळ घेऊन निघालो
आणि स्मशानाच्या वळणावर थांबलो.
पंक्चर झालं, असं नंतर सांगितलं.
चाकात हवा टिच्चून होती.
डबा मांडीवर घेऊन दगडावर बसलो, वर पाहिलं.
आमच्याकडे आकाश इतकं जवळ, की लाज वाटते.
काहीच सरकत नव्हतं. तरी बोट धरून मोजत राहिलो.

खाली पडदा पांढरा. शिट्ट्या. मग बूट आपटणं.
चोकेने दिवे लावलेच नाहीत.
मग म्हणे कपडे धुणारी नेलिदा उभी राहिली,
मागल्या वर्षी जिचा नवरा बोगद्यातून वर आला नव्हता ती,
आणि म्हणाली, तारा जागेवरच आहे. आपण सरकलोय.
कुणीतरी विचारलं, मग हे बाईला कळतं?
पहिल्या दिवसापासून, नेलिदा म्हणाली.
उगाच का ती आईला काही बोलत नाही.

एक वाजेपर्यंत कुणी उठलं नाही.
एका मुकादमाने राक्षस आणून पाहिला,
त्याला खाली बसवलं.

मला मालकाची कानफटात बसली, आठवड्याचा पगार गेला.
चोके शनिवारपर्यंत गप्प.
शनिवारी म्हणाला, “टायर कसं आहे?”

आता ते गाव खाणीच्या मातीखाली आहे, दोन्ही थिएटरांसकट.
परवा अंतोफागास्तात नातीने तो पिक्चर
फोनवर शोधून दिला.
चौथं रीळ संपताना उजव्या कोपऱ्यात ठिपका लुकलुकला
आणि माझे पाय पेडल शोधू लागले.

या वेळी बंद केला नाही. शेवटपर्यंत पाहिला.
जनरल, बटण, सगळं तसंच.
राक्षसाच्या काखेतली शिवण मात्र हाताने घातलेली,
बारीक टाके, मध्येच दोऱ्याचा रंग बदललेला,
काळा संपला असेल रात्री उशिरा.
कुणीतरी जीव लावून शिवलं होतं ते भंगार.

नात म्हणाली, शेवट फालतू आहे हो आजोबा.
हो, म्हटलं.
खिडकी उघडी होती. शहराच्या उजेडात तारे दिसत नाहीत.
एक होता.
काचेवर, तो होता तिथे,
मी बोट टेकवून ठेवलं.